उडणं जमलं, उतरायचं राहिलं

विंगसूटचा एकही व्हिडिओ बघितला नाही असा माणूस आता सापडणं कठीण आहे. कड्यावरून कुणीतरी उडी मारतं, हातपाय फाकवतं आणि दगडासारखं खाली पडायच्या ऐवजी चक्क पुढे सुसाट जायला लागतं, झाडांच्या शेंड्यांवरून, खडकांच्या फटीतून, बघणाऱ्याचा श्वास अडकेपर्यंत. शेवट मात्र फारसा कुणी दाखवत नाही कारण तो अगदीच साधा असतो, पॅराशूट उघडतं आणि माणूस हळूच दोन पायांवर उतरतो. म्हणजे पक्ष्यासारखं उडून झालं तरी उतरायला छत्री लागतेच. का लागते हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा फारच मजेशीर आहे.

आधी सूट काय असतो ते बघू. हात आणि अंग यांच्यामध्ये एकेक आणि दोन पायांच्या मध्ये एक असे नायलॉनचे तीन पंख. कापड एकेरी नसतं, दुहेरी असतं आणि पुढच्या बाजूला छोटी तोंडं ठेवलेली असतात, त्यातून हवा आत घुसते आणि पंख फुगून कडक होतो. साधा स्कायडायव्हर पोटावर पडताना ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येतो. विंगसूटवाला खाली येतो ताशी ६० ते ८० नी, पण पुढे जातो दीडशे-दोनशेनी. थोडक्यात एक मीटर खाली येईपर्यंत अडीच-तीन मीटर पुढे. ऐकायला भारी वाटतं, पण हँग ग्लायडर त्याच एका मीटरमध्ये पंधराएक मीटर जातो आणि चांगलं ग्लायडर विमान चाळीसच्याही वर. त्यामुळे विंगसूट म्हणजे उडणं कमी आणि नीट वळवलेलं पडणं जास्त, असं माझं मत. उडणाऱ्या लोकांना हे आवडणार नाही, पण आकडे तेच सांगतात.

आता खरी अडचण. पंखाला मिळणारी लिफ्ट, म्हणजे वर उचलणारा जोर, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि पंखाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात. माणूस आणि सामान मिळून ९० किलो धरा, सूटचं क्षेत्रफळ पावणेदोन-दोन चौरस मीटर धरा, आणि असल्या बुटक्या, जाडसर पंखाकडून जेवढी लिफ्ट जास्तीत जास्त काढता येईल तेवढी काढली असं समजा. हिशोब केला तर ताशी ९०-१०० किलोमीटरच्या खाली तो पंख तुमचं वजन पेलूच शकत नाही. त्याच्या खाली गेलात की स्टॉल, म्हणजे हवा पंखाला सोडून देते आणि तुम्ही परत पोतं होता. अल्बाट्रॉसचं वजन जेमतेम ८-१० किलो आणि पंखांचा पसारा तीन मीटरच्या वर, तरी वारा नसेल तर तो जमिनीवर उतरताना बऱ्याचदा तोंडावर आपटतो, मग आपली काय कथा. आकार वाढला की वजन घनाने वाढतं आणि पंखाचं क्षेत्रफळ फक्त वर्गाने, त्यामुळे निसर्गानेही मोठ्या उडणाऱ्यांना कुठेतरी थांबवलंच आहे.

उडणारी खार मात्र हे बरोबर करते. तिलाही असाच कातडीचा पडदा असतो, पण झाडाजवळ आली की ती अंग उभं करते, पडद्याचा ब्रेक बनवते आणि खोडाला चारही पायांनी चिकटते. विंगसूटवालाही हे करून बघतो, त्याला फ्लेअर म्हणतात. आधी सूर मारून वेग वाढवायचा, मग छाती वर करून त्या वेगाचं उंचीत रूपांतर करायचं. चांगला पायलट काही सेकंद खाली येणं पूर्ण थांबवू शकतो, थोडा वरही चढतो. म्हणजे उभा वेग शून्य करणं जमलेलं आहे! राहतो तो आडवा वेग, आणि तो ताशी शंभरच्या घरात, पाय कापडात अडकलेले, हात कापडात अडकलेले, पळून वेग मारायची सोय नाही. फ्लेअर दहा मीटर आधी संपला तर तीन मजल्यांवरून पडल्यासारखं आणि उशिरा केला तर सांगायलाच नको.

ताशी १०० म्हणजे सेकंदाला २८ मीटर. हा वेग ३० सेंटिमीटरात मारायचा तर शरीरावर गुरुत्वाच्या सव्वाशे-दीडशे पट झटका बसतो, त्यात सहसा कुणी वाचत नाही. पण तोच वेग १३-१४ मीटरात मारला तर झटका फक्त तिप्पट, रोलर कोस्टरवर बसतो तेवढा. वेग माणसाला मारत नाही, कमी जागेत थांबणं मारतं.

हे ओळखून ब्रिटिश स्टंटमन गॅरी कॉनरी यांनी २३ मे २०१२ ला जे केलं ते अजूनही वेडेपणा आणि हुशारी यांच्या बरोबर मधोमध बसतं. इंग्लंडमधल्या हेन्ली-ऑन-थेम्सजवळ २४०० फुटांवर हेलिकॉप्टरमधून उडी, अंगावर विंगसूट, आणि पॅराशूट न उघडता थेट पुठ्ठ्याच्या १८,६०० रिकाम्या खोक्यांच्या धावपट्टीवर उतरले. स्टंटवाल्यांची ही जुनी युक्ती, प्रत्येक खोका चेपताना थोडी थोडी ऊर्जा खातो आणि हजारो खोके मिळून तुम्हाला हळूहळू थांबवतात. ते स्वतःच्या पायांनी बाहेर चालत आले. (दोनच महिन्यांनी लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनात राणीच्या वेशात पॅराशूटने उतरलेले गृहस्थ हेच.) २०१६ मध्ये अमेरिकन स्कायडायव्हर ल्यूक एकिन्स २५,००० फुटांवरून पॅराशूटशिवाय जाळ्यात पडले ते वेगळं प्रकरण, तिथे विंगसूट नव्हता, निव्वळ नेम होता, साधारण ३० मीटर बाय ३० मीटरच्या जाळ्यावर धरलेला.

पण एक गोष्ट लक्षात घ्या, उतरणं हा तसा हौसेचा प्रश्न आहे. पॅराशूट घेऊनच उडणारे लोकही मरतात आणि त्यांची कारणं वेगळी आहेत. इतिहासच बघा ना. कॅनव्हासचे पंख लावून उडणारा क्लेम सोन १९३७ मध्ये फ्रान्समध्ये मेला तो पॅराशूट न उघडल्यामुळे. आधुनिक विंगसूट ज्याने घडवला तो पॅट्रिक द गायार्दाँ १९९८ मध्ये हवाई बेटांवर मेला, तेही सूटमुळे नाही, पॅराशूटच्या बॅगेत स्वतःच केलेल्या फेरफारातल्या चुकीमुळे. १९९९ मध्ये यारी कुओस्मा आणि रॉबर्ट पेचनिक यांनी सूट विकायला काढले आणि मग हा खेळ चार वेड्यांपुरता राहिला नाही.

विमानातून उडी मारली तर धोके बऱ्यापैकी ओळखीचे आहेत. दारातून निघताना पंख लवकर उघडले तर विमानाच्या शेपटीवर आपटायची भीती. हवेत तोल गेला तर सपाट गिरकी, त्यात डोकं गरगरतं आणि हात आत घेणंही जमत नाही. पाठीमागे हवेचा शांत खड्डा तयार होतो, त्यात मोठं पॅराशूट ओढून काढणारं छोटं पायलट पॅराशूट अडकून लोळत राहू शकतं, शिवाय दोऱ्यांना पीळ पडतो आणि तो सोडवायला आधी बाह्यांच्या चेन उघडाव्या लागतात. एक गोष्ट तर मला फारच धक्कादायक वाटली: पॅराशूट आपोआप उघडणारं जे यंत्र असतं ते खाली यायच्या वेगावर चालतं, एका प्रचलित यंत्रात ही मर्यादा सेकंदाला ३५ मीटर, म्हणजे ताशी १२६ किलोमीटर. विंगसूटवाला बेशुद्ध होऊन ताशी ७० नी तरंगत खाली आला तर यंत्राला वाटतं सगळं ठीक चाललंय! म्हणून आता विंगसूटसाठी वेगळी सेटिंग असलेली यंत्रं निघाली आहेत. अमेरिकेत पहिल्या विंगसूट उडीआधी किमान २०० साध्या उड्या झालेल्या असाव्या लागतात ते उगाच नाही.

कड्यावरून उडी मारली की गणित एकदम बदलतं. तिथे दुसरं पॅराशूट नाही, आपोआप उघडणारं यंत्र नाही, आणि डोंगराला घासून जायची हौस असेल तर चूक सुधारायला वेळही नाही, सेकंदाला ५० मीटर जाताना अर्ध्या सेकंदाची चूक म्हणजे २५ मीटर. अनुभव असला की वाचतो असं म्हणावं तर मे २०१५ मध्ये अमेरिकेतल्या योसेमिटीत मेलेला नामवंत गिर्यारोहक डीन पॉटर नवशिका अजिबात नव्हता.

पुढचं काय? २०१७ मध्ये स्टॉकहोमला फक्त विंगसूटसाठी तिरका करता येणारा वाऱ्याचा बोगदा सुरू झाला, म्हणजे न मरता शिकायची सोय झाली, माझ्या मते या खेळातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. २०२० मध्ये पीटर झाल्झमान या ऑस्ट्रियन माणसाने छातीवर १५ किलोवॅटचे विजेचे पंखे लावून ताशी ३०० किलोमीटर गाठले आणि थोडा वरही चढला, पण उतरला तो पॅराशूटनेच.

पॅराशूट आणि खोके दोन्ही नको असतील तर उरतो बर्फाचा उतार. स्की जंपिंगवाले ताशी १०० च्या आसपास जमिनीला टेकतात आणि पुढे निघून जातात कारण उतार त्यांच्या मार्गाला जवळपास समांतर असतो, जमिनीवर आदळतो तो फक्त उताराच्या काटकोनातला वेग. विंगसूटचा मार्ग साधारण २० अंशांनी खाली झुकलेला असतो. उतार आणि मार्ग यांत ५ अंशांचा फरक राहिला तर ताशी १२० ला बसणारा धक्का खुर्चीवरून उडी मारल्याएवढा, १० अंशांचा राहिला तर माणसाच्या उंचीवरून पडल्याएवढा. इथपर्यंत छान. पण नंतर तुम्ही स्कीशिवाय, पोटावर, डोकं पुढे करून ताशी १२० नी घसरताय, आणि २० अंशांच्या उतारावर गुळगुळीत नायलॉन थांबत नाही, उलट वेग वाढतो. थांबायचं तर उतार हळूहळू सपाट व्हायला हवा आणि घर्षणातून दर सेकंदाला वेग फक्त २ मीटर प्रति सेकंद एवढाच कमी होत गेला असं धरलं तरी पुढे पावणेतीनशे मीटर मोकळा बर्फ लागेल, त्यात एकही दगड नको.