क्लोरीनच्या आधी पाला काढा

गावातला जलसुरक्षक नळाचं पाणी काचेच्या नळीत घेतो, त्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडिन द्रावणाचे, थेंब टाकतो. पाणी पिवळं झालं की त्याला हायसं वाटतं, कारण क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत पोचलेलं असतं. नाही झालं, तर टाकीत आणखी टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, पडते. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावं, असं आपलं मानक सांगतं. पण पहिल्या पुराच्या गढूळ पाण्यात टीसीएल कितीही टाकली तरी पुरत नाही. मग ते क्लोरीन जातं कुठे?

जंतूंवर त्यातलं थोडंच खर्च होतं. कुजलेल्या पाल्याचा आणि मातीचा अर्क पाण्यात उतरलेला असतो, त्यामुळे पाण्याला फिक्या चहासारखा रंग येतो. क्लोरीनचा मोठा वाटा हा अर्कच खातो आणि त्यातून क्लोरोफॉर्म व त्याच्या जातकुळीतली इतर रसायनं तयार होतात. रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातले रसायनशास्त्रज्ञ योहानेस रोक यांनी १९७४ साली हे दाखवून दिलं. तोवर जगभर सत्तर वर्षं पाण्यात क्लोरीन मारलं जात होतं, आणि या रसायनांकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

पुढे १९७६ मध्ये क्लोरोफॉर्मच्या मोठ्या मात्रेने उंदरांना कर्करोग होतो असं दिसलं. माणसांत, अनेक दशकं असं पाणी पिणाऱ्यांमध्ये, मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध आढळतो. युरोपात अशा रुग्णांपैकी सुमारे ५ टक्के या रसायनांमुळे असावेत, असा २०२० मधला अंदाज आहे. संबंध आहे म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, पण दुर्लक्ष करावं इतका तो क्षुल्लकही नाही. अमेरिकेत अशा चार रसायनांची मिळून मर्यादा लिटरला ०.०८ मिलिग्रॅम आहे. आपल्याकडे एकट्या क्लोरोफॉर्मलाच ०.२ची मुभा आहे. ती कमी व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून क्लोरीनच बंद करायचं का? मुळीच नाही. नेदरलँड्सने ते बंद केलं, पण त्यांच्या जलवाहिन्या धड आहेत आणि त्यात चोवीस तास दाब असतो. आपल्याकडे एक दिवसाआड पाणी येतं. रिकामी झालेली लाइन फुटक्या जोडातून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढते. तिथे ते उरलेलं क्लोरीनच कावीळ आणि कॉलरा अडवतं. कर्करोगाची शक्यता दूरची आणि लहान आहे, कॉलरा मात्र दोन दिवसांत माणूस नेतो.

बदलायचा आहे तो क्रम. आधी तुरटीने गाळ बसवायचा, वाळूच्या फिल्टरमधून पाणी काढायचं आणि मग क्लोरीन द्यायचं. बऱ्याच जलशुद्धीकरण केंद्रांत शेवाळ होऊ नये म्हणून कच्च्या पाण्यातच क्लोरीन सोडतात. पाल्याचा अर्क भरपूर असतो तेव्हाच क्लोरीन त्याला भेटतं. ही पहिली मात्रा कमी केली तरी खूप फरक पडतो, आणि त्याला नवी यंत्रं लागत नाहीत.

घरी पाणी उकळताना झाकण काढून ठेवा, क्लोरोफॉर्म वाफेबरोबर उडून जातं. त्याच कारणाने गरम पाण्याच्या अंघोळीत ते श्वासावाटेही शरीरात जातं, तेव्हा न्हाणीघराची खिडकी उघडी असू द्या. आणि ग्रामसभेत किंवा नगरसेवकाला पाण्याबद्दल विचाराल तेव्हा, क्लोरीन किती टाकता एवढ्यावर थांबू नका. फिल्टरची वाळू शेवटची कधी बदलली, तेही विचारा.