जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ : खरा अडसर आणि नियमाचा अडसर

विंडोज ११ जुन्या लॅपटॉपला नाकारते ते लॅपटॉप संथ आहे म्हणून नव्हे. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्कची अट दहा-बारा वर्षांपूर्वीचे यंत्रही पुरी करते. अडते ते टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप), सिक्युअर बूट (यंत्र सुरू होताना फक्त खात्रीचेच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि मायक्रोसॉफ्टने मान्य केलेल्या प्रोसेसरच्या यादीपाशी.

ही अडवणूक नवी नाही. २०१२मध्ये विंडोज ८ने पीएई, एनएक्स आणि एसएसई२ या अंगभूत सोयी नसलेले प्रोसेसर बाद केले. त्याला तांत्रिक कारण होते. विंडोज वापरते ती सूचना प्रोसेसरला कळतच नसेल, तर कुठलीही पळवाट चालत नाही. २०१७मध्ये मात्र केबी लेक (इंटेलची सातवी पिढी) आणि एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर विंडोज ७ सुरळीत चालत असताना मायक्रोसॉफ्टने तिथले अपडेट थांबवले. तो निव्वळ धोरणाचा निर्णय होता.

५ ऑक्टोबर २०२१ला आलेल्या विंडोज ११मध्ये दोन्ही प्रकार एकत्र आले. इंटेलची यादी आठव्या पिढीपासून सुरू होते. कारण सुरक्षेचे दिले जाते, आणि टीपीएमपुरते ते पटतेही. पण मेमरी इंटिग्रिटी या घातक कोड रोखणाऱ्या संरक्षणाला वेग देणारी प्रोसेसरमधली एमबीईसी सोय सातव्या पिढीतही आहे. तरी त्या पिढीतली मोजकीच मॉडेल्स यादीत आली. ही रेघ ओढताना अन्याय झाला, असेच म्हणावे लागते.

पळवाट खुद्द मायक्रोसॉफ्टनेच २०२१मध्ये सांगितली होती. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, एचकेएलएम, सिस्टिम, सेटअप, मोसेटअप या वाटेने जाऊन ‘अलाउअपग्रेड्सविथअनसपोर्टेडटीपीएमऑरसीपीयू’ नावाची डीवर्ड (आकडा साठवणारी) नोंद करायची, किंमत १ द्यायची आणि चालू विंडोजमधूनच सेटअप सुरू करायचा. निदान टीपीएम १.२ तरी लागतेच. तेही नसेल तर रूफस या मोफत प्रोग्रामने पेनड्राइव्ह बनवताना या तपासण्या वगळण्याचा पर्याय निवडतात.

२०२४च्या २४एच२ आवृत्तीपुढे मात्र इंटेलच्या जुन्या कोअर २ ड्युओ प्रोसेसरचे काही चालत नाही. तिला पॉपसीएनटी आणि एसएसई४.२ या प्रोसेसरमधल्या सूचना लागतात, त्या नसतील तर विंडोज बूटच होत नाही, रजिस्ट्रीत काहीही लिहा. इंटेलच्या पहिल्या पिढीच्या कोअर आय मालिकेपासून पुढे ही अडचण नाही.

यादीबाहेरच्या लॅपटॉपवर मासिक सुरक्षा अपडेट सहसा येतात, पण त्यांची हमी नसते. वार्षिक आवृत्ती आपोआप मिळत नाही. दर वेळी नवी आयएसओ (विंडोजची इन्स्टॉलेशन फाइल) उतरवून वरची पळवाट पुन्हा वापरावी लागते. बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) टीपीएम किंवा सिक्युअर बूटला हात लावण्याआधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) तात्पुरते थांबवावे आणि रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवावी, नाहीतर पुढच्या बूटला विंडोज तीच ४८ अंकी की मागत बसते.