डिजिटल छायाचित्रांचे फाइल फॉरमॅट

छायाचित्रातील प्रत्येक पिक्सेलची रंगमूल्ये फाइलमध्ये कशी लिहायची, याच्या ठरीव पद्धतीला फाइल फॉरमॅट म्हणतात. २४ मेगापिक्सेलच्या चित्रात लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी दर पिक्सेलला एकेक बाइट धरला, तर ७२ मेगाबाइट लागतात. त्याच चित्राची जेपेग (.jpg) फाइल साधारण दहाएक मेगाबाइटमध्ये मावते. उरलेली माहिती कुठे गेली आणि ती परत मिळेल का, हे कळले की कोणता फॉरमॅट जपून ठेवायला आणि कोणता पाठवायला, हे ठरवणे सोपे जाते.

जेपेग हे प्रमाणक १९९२ मध्ये मंजूर झाले. त्याच्या मुळाशी असलेले डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म हे गणिती तंत्र बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये मांडले. जेपेग चित्राचे ८×८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातील सावकाश बदलणाऱ्या छटा नीट राखून बारीक, झपाट्याने बदलणारा तपशील ढोबळ करते. माणसाच्या डोळ्याला रंगापेक्षा उजेडातला फरक चटकन जाणवतो, म्हणून रंगाची माहिती बहुधा आणखी विरळ केली जाते. आकाश, चेहरे, डोंगर यांना हे मानवते. अक्षरांना नाही. जेपेग करून दाबलेल्या सातबाऱ्याच्या चित्रात शिरोरेषेभोवती करडी घाण दिसते आणि अनुस्वार पुसट होतो, तो याचमुळे.

या पद्धतीत टाकून दिलेला तपशील परत येत नाही. जेपेग फाइल नुसती कॉपी केल्याने किंवा उघडून पाहिल्याने तिचे काही बिघडत नाही. पण संपादन करून पुन्हा सेव्ह केली की नव्याने आकडेमोड होते आणि थोडी गुणवत्ता जाते. नंतर तिचे पीएनजी (तपशील न टाकणारा फॉरमॅट) केले तरी गेलेले मिळत नाही, फक्त फाइल फुगते. फाइलच्या नावातले ‘जेपीजी’ खोडून ‘पीएनजी’ लिहिल्याने तर फॉरमॅटही बदलत नाही.

पीएनजी १९९६ मध्ये आले, तेही जिफ या जुन्या फॉरमॅटमधील एलझेडडब्ल्यू या माहिती दाबण्याच्या पद्धतीच्या पेटंटवरून वाद पेटल्यानंतर. जिफला एका चौकटीत २५६ रंगांची मर्यादा होती; पीएनजीला ती नाही आणि त्यात एकही पिक्सेल बदलत नाही. स्क्रीनशॉट, नकाशे, पारदर्शक पार्श्वभूमीची चिन्हे यांसाठी ते उत्तम. फोटोसाठी मात्र विनाकारण जड. छपाई आणि अभिलेखागारांत १९८६ मध्ये ऑल्डस कंपनीने आणलेले टिफ अजून टिकून आहे. जुन्या अल्बममधले फोटो स्कॅन करताना मूळ प्रत टिफमध्ये ठेवावी. ती एकदाच करायची असते.

रॉ हा एक फॉरमॅट नसून कॅमेऱ्याच्या सेन्सरने नोंदवलेली, बव्हंशी प्रक्रिया न झालेली माहिती आहे. जेपेगमध्ये दर रंगाला बहुधा ८ बिट, तर रॉमध्ये १२ किंवा १४ बिट असतात, म्हणजे छटा कितीतरी जास्त नोंदता येतात. त्यामुळे मंडपातल्या पिवळ्या दिव्यांखाली बिघडलेला रंग किंवा काळवंडलेला चेहरा पुष्कळ सावरता येतो. अडचण अशी की निकॉनचे एनईएफ, सोनीचे एआरडब्ल्यू असे ज्याचे त्याचे रॉ वेगळे. त्यावर उपाय म्हणून अ‍ॅडोबीने २००४ मध्ये डीएनजी हे खुले रूप आणले, पण सगळ्या कंपन्यांनी ते स्वीकारलेले नाही.

अ‍ॅपलने २०१७ मध्ये आयओएस ११ पासून आयफोनवर फोटोंसाठी एचईआयसी हे नवे फाइल रूप आणले. त्याच दर्जाला ते जेपेगच्या निम्म्या जागेत बसते, मात्र पेटंटच्या गुंत्यामुळे बऱ्याच जुन्या संगणकांवर आणि सरकारी संकेतस्थळांवर ते चालत नाही. गूगलचे २०१० चे वेबपी आणि नंतरचे एव्हीआयएफ ब्राउझरमध्ये रुळले आहेत. तरी फॉर्म भरताना गाठ जेपेगशीच पडते: बँकभरतीच्या आयबीपीएस अर्जात फोटो २० ते ५० किलोबाइटचा आणि सही १० ते २० किलोबाइटची मागतात. अशा वेळी गुणवत्तेचा आकडा खाली ओढत बसण्यापेक्षा आधी पिक्सेल कमी करावेत. चेहरा ओळखू येतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र लहान करून पुन्हा जेपेगमध्ये दाबले जाते आणि त्यातली एक्झिफ माहिती, म्हणजे काढल्याची तारीख, कॅमेरा, ठिकाण, गळून पडते. लग्नाचे फोटो गॅलरीत भलत्याच तारखेला दिसतात, त्याचे हे एक कारण. डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. मात्र लोकेशन चालू ठेवून घरी फोटो काढला असेल, तर तिच्यासोबत घराचे अक्षांश-रेखांशही जातात.