शेतातलं थर्मल रिसॉर्ट: मुळाशी तेलाच्या विहिरी

युरोपातल्या जुन्या आरोग्यस्नानाच्या गावांना झरे निसर्गाने दिले. मोकळ्या शिवारातली थर्मल रिसॉर्ट्स, म्हणजे जमिनीतल्या गरम पाण्याची आरामस्थळं, मात्र बहुतेक बोअरच्या पाण्यावर उभी आहेत, आणि यातल्या अनेक बोअर मुळात पाण्यासाठी मारलेल्याच नव्हत्या.

१९२५ साली हंगेरीतल्या हायदूसोबोस्लो इथे नैसर्गिक वायूसाठी खोदकाम चाललं होतं. सुमारे १,१०० मीटरवर ७३ अंश सेल्सियसचं पाणी उसळलं. जर्मनीच्या बव्हेरियातल्या बाड फ्यूसिंगला १९३८ साली तेल शोधताना ५६ अंशांचं गंधकयुक्त पाणी लागलं. हंगेरीतल्याच ब्यूकला १९५७ साली तेच घडलं: तेलाऐवजी ५८ अंशांचं पाणी. भोवती नुसती शेतं, त्यामुळे जागेला तोटा नव्हता. ब्यूकला पुढे १८ होल्सचं गोल्फ मैदान झालं ते त्यामुळेच.

खेळ आणि स्नान ही जोडी त्याहून फार जुनी. रोममधल्या काराकल्लाच्या स्नानगृहात (इ.स. २१६) व्यायामासाठी दोन मोकळी प्रांगणं होती. आधी घाम गाळायचा, मग कोमट, गरम आणि शेवटी गार पाणी. जर्मनीत हा दुवा पुन्हा जुळला तो जुगारबंदीनंतर. १८७२ अखेर बाडेन-बाडेन, होम्बुर्ग, वीसबाडेन या आरोग्यस्नानाच्या गावांचे कॅसिनो बंद पडले आणि पाहुण्यांना धरून ठेवायला दुसरं काहीतरी हवं झालं. होम्बुर्गला १८७६ मध्ये टेनिस कोर्ट आखलं गेलं, पाठोपाठ गोल्फही आलं.

दुसरा धक्का १९९७ चा. जर्मनीत विम्याच्या खर्चाने मिळणारा उपचारमुक्काम चार आठवड्यांवरून तीनवर आला, मंजुऱ्याही घटल्या. स्वखर्चाने, चार दिवसांसाठी येणाऱ्याला डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा सायकल, पोहणं, टेनिस हवं होतं. आजच्या रिसॉर्टची घडी इथे बसली.

बोअरचं पाणी थेट कुंडात सोडता येत नाही. वर येताना दाब घटतो, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि चुना पाइपात थर धरतो. तो वेळेवर काढला नाही तर प्रवाह आटतो. लोह असेल तर हवा लागताच पाणी तांबूस होतं. ती घाण नव्हे, पण फिक्या रंगाचा पोहण्याचा पोशाख कायमचा डागाळतो. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते, म्हणून अंगठी खोलीतच ठेवावी.

रोमनांचा क्रम बरोबर होता, घाई मात्र नको. दमून खेळल्यावर लगेच ३८ अंशांच्या पाण्यात बसलं की आधीच सैलावलेल्या रक्तवाहिन्या आणखी फैलावतात. बाहेर पडताना अंगावरचा पाण्याचा दाब जातो, रक्त पायांत उतरतं आणि चक्कर येते. आधी अर्धा तास विसावा, पोटभर पाणी, मग १५ ते २० मिनिटं डुंबणं, आणि कठड्याला धरून सावकाश वर येणं. त्यानंतर तासभर कोर्टावर जाऊ नये. स्नायू सैल असतात, पायही चटकन मुरगळतो.