फेटा सांगण्याआधी: कुणाच्या डोक्यावर आणि कशासाठी?

फेट्याची ऑर्डर घेताना आम्ही रंग आणि नग नंतर लिहितो. आधी विचारतो, 'कुणाला बांधायचेत?' घाईत असलेलं गिऱ्हाईक यावर जरा वैतागतं, म्हणून हे पत्रक छापलं आहे.

कोल्हापुरात फेटा म्हणजे मान. जावयाला, व्याह्यांना, मैदान मारून आलेल्या पैलवानाला, नव्या सरपंचाला. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठी नाचवणाऱ्याचा फेटा संध्याकाळपर्यंत कुठल्या रंगाचा होता ते सांगता येत नाही, सगळा गुलाल. पण डोक्याला कापड फक्त आनंदात बांधतात असं नाही. पंजाबात आणि राजस्थानात कर्ता पुरुष गेल्यावर जमलेल्या नातेवाइकांसमोर थोरल्या मुलाला पगडी बांधतात, घराची जबाबदारी आता तुझी म्हणून. आपल्याकडेही दुखवटा काढताना सोयरे टॉवेल-टोपी आणतात, ती त्याच जातीची रीत. अशा कामाला फेटा हवा असेल तर मोकळेपणी सांगा. पांढरं, साधं कापड काढून देऊ, तुरा काढणार नाही.

आता मुख्य मुद्दा. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत कार्यक्रम असला की 'स्टेजवरच्या सगळ्यांना फेटे' अशी ऑर्डर येते. पाहुण्यांत कुणी शीख असेल तर आम्हाला आधी कळवा. १६९९ च्या बैसाखीला आनंदपूर साहिब इथं गुरू गोविंदसिंगांनी खालसा पंथ स्थापन केला. केस न कापणं हे खालशाच्या पाच ककारांपैकी ('क'ने सुरू होणाऱ्या पाच धर्मखुणांपैकी) एक, आणि ते केस झाकणारी दस्तार, म्हणजे शिखांची पगडी, ही रोजची, धर्माची गोष्ट. समारंभापुरती नव्हे. सकाळी कापडाची दोन टोकं दोघांनी धरून ताणायची, लांबीत घड्या घालायच्या आणि मग एकेक थर कपाळावर तिरका बसवत ती स्वतःच बांधायची. काही शीख बायकाही दस्तार बांधतात. ती उतरवायला सांगणं किंवा तिच्यावर आपला फेटा चढवणं हा अपमान होतो, मग हेतू कितीही चांगला असो. अशा पाहुण्यांना फेटा शाल-श्रीफळाबरोबर ताटातून हातात द्या. मान तेवढाच राहतो. गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला तो आपल्या महाराष्ट्रात, नांदेडला, १७०८ साली. निदान आपल्याला तरी हे ठाऊक असायला हवं.

जाता जाता एक. पाडव्याच्या बुलेट रॅलीसाठी फेटे नेणाऱ्या ताई नेहमी विचारतात, 'फेटा असला की हेल्मेट नको ना?' हवं! १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातली सूट पगडी घातलेल्या शीख व्यक्तीला आहे, कोल्हापुरी तुऱ्याला नाही. ब्रिटननेही शिखांना अशी सूट १९७६ साली कायदा करून दिली.

बाकी जगातही डोक्यावरचं कापड बरंच काही बोलतं. इराणमधल्या शिया धर्मगुरूची पगडी काळी असेल तर तो पैगंबरांच्या वंशातला सय्यद, नाहीतर पांढरी. सहारातल्या तुआरेग लोकांत तोंड झाकतात ते पुरुष. त्यांच्या निळीच्या कापडाचा रंग कातडीवर उतरतो. उत्तर नायजेरियात अमीर, म्हणजे तिथला पारंपरिक मुस्लिम राजा, एखाद्याला मानाचं पद देतो तेव्हा त्याला समारंभाने पगडी बांधतात. आम्हाला सगळ्यात नवल वाटतं ते तुर्कस्तानच्या जुन्या कबरींचं: माणूस कोण होता हे कळावं म्हणून दगडावर त्याची पगडी कोरलेली असायची. पुढे १८२९ मध्ये सुलतान दुसरा महमूद याने सरकारी नोकरांच्या डोक्यावरून पगडी उतरवून फेझ टोपी घातली, आणि १९२५ मध्ये ती टोपीही कायद्याने गेली.

म्हणूनच शाळेच्या फॅन्सी ड्रेससाठी दाढी चिकटवून 'सरदारजी' किंवा 'मौलवी' करायची पगडी आम्ही देत नाही. महात्मा फुल्यांचं पागोटं, शाहू महाराजांचा फेटा, मावळ्याचं मुंडासं हौसेनं करून देऊ. पुणेरी पगडी मात्र तयारच घ्यावी लागते, ती डोक्यावर बांधत नाहीत. तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

बांधून घेणाऱ्यांसाठी: कोल्हापुरी फेट्याला आम्ही नऊ मीटर कापड वापरतो, एक टोक तुऱ्याला आणि दुसरं पाठीवर सोडायला. डोक्याला त्या दिवशी तेल लावू नका, पीळ घसरतो. लहान मुलांसाठी मलमल घ्या, जरीचा काठ कपाळाला टोचतो. वऱ्हाड मोठं असेल तर बांधणारे किती पाठवायचे ते ठरवायला आम्हाला मुहूर्ताची नव्हे, वरात निघायची वेळ सांगा. भाड्याचे फेटे परत करताना गुलाल झटकून आणा, पण धुऊ नका. बांधणीचा रंग जातो आणि अनामत रकमेवरून उगाच वाद होतो.