ओपीडीचा आकडा आणि गावाची गरज

तालुक्याच्या आढावा बैठकीत एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ओपीडी किती? आकडा मोठा असला की तिथे औषधं आणि माणसं वाढवा म्हणतात. लहान असला की 'तिथे फारशी गरज दिसत नाही' असा शेरा पडतो. मला हा शेरा धोक्याचा वाटतो. ओपीडीचा आकडा आणि त्या भागाची आरोग्याची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सोलापूरसारख्या जिल्ह्यात एकीवरून दुसरीचा अंदाज बांधला की तो हमखास चुकतो.

ओपीडी सांगते की दारापर्यंत कोण आलं. गरज मोजायची तर त्या भागात राहणाऱ्या सगळ्या माणसांपासून सुरुवात करावी लागते: त्यांच्यापैकी कोणाला असा त्रास आहे किंवा होऊ घातला आहे, ज्यावर काही करता येण्यासारखं आहे? समजा तीन-तीन हजार वस्तीची दोन गावं आहेत. एकातून महिन्याला ३०० रुग्ण येतात, दुसऱ्यातून ६०. म्हणून दुसरं गाव पाचपट निरोगी ठरत नाही. पहिल्या गावात केंद्र आहे आणि दुसऱ्या गावातून यायचं तर एसटीची वाट बघावी लागते, दिवसाची मजुरी बुडते, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. जिथे त्रास जास्त तिथेच उपचार तोकडे, हे ज्युलियन ट्यूडर हार्ट या वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात काम करणाऱ्या डॉक्टरांनी १९७१ सालीच मांडलं होतं.

सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४३,१७,७५६ होती. त्यातले दोन तृतीयांश लोक ग्रामीण भागात आणि साडेनऊ लाख एकट्या सोलापूर शहरात. अकरा तालुके, आणि एकाचं दुसऱ्याशी जमत नाही: माळशिरसचा कालव्याखालचा पट्टा वेगळा, सांगोला-मंगळवेढ्याचा कोरडवाहू भाग वेगळा. सपाट प्रदेशात ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, हा शासकीय निकष सगळीकडे सारखाच लागू होतो. तो डोकी मोजतो, आजार मोजत नाही.

रुग्णालयाच्या आकड्यात आणखी एक गफलत असते. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, धाराशिवचे रुग्ण येतात, तसे कर्नाटकातल्या विजयपूर-कलबुर्गीकडचेही येतात. मग तिथल्या एखाद्या वॉर्डातले रुग्ण मोजून 'सोलापुरात हा आजार इतका आहे' असं कसं म्हणणार? वरचा आकडा अनेक जिल्ह्यांचा आणि भागायचं मात्र एका जिल्ह्याच्या लोकसंख्येने. पंढरपुरातही आषाढीच्या दिवसांत उपचार घेणाऱ्यांची संख्या फुगते. वारकऱ्यांसाठी ती सोय हवीच, पण त्या महिन्याच्या आकड्यावरून पंढरपूर तालुक्याच्या वर्षभराच्या गरजेचा हिशोब लागत नाही.

याच्या उलट, काही माणसं कुठल्याच आकड्यात येत नाहीत. गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात. त्यांत गरोदर बाया असतात, लस राहिलेली बाळं असतात. इथल्या आशाताईच्या कुटुंब नोंदवहीत त्यांचं नाव नसतं, कारण ते या गावचे नाहीत. त्यांच्या गावच्या वहीत नाव असतं, पण माणूस तिथे नसतो. दवाखान्यात जावं तर खाडा पडतो आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची राहते. म्हणून अंगावर काढलं जातं, आणि ओपीडीच्या तक्त्यात ही माणसं उमटत नाहीत.

ऊसतोड बायकांच्याच बाबतीत उलटा धडाही मिळाला आहे. बीड जिल्ह्यातल्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा झाली तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शस्त्रक्रिया झाली की रुग्णालयाच्या दप्तरी ती 'दिलेली सेवा' म्हणून चढते. ती गरजेची होती का, हे दप्तर सांगत नाही. तेव्हा आकडा गरजेपेक्षा कमी असू शकतो, तसा जास्तही असू शकतो.

या फरकाचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि त्याची आपल्याकडे हवी तेवढी चर्चा होत नाही याचं मला वाईट वाटतं. १९८७ साली बार्शीत ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. लोकसंख्येवर आधारलेली देशातली ही पहिली ग्रामीण नोंदणी. तोवर अशा नोंदणीचा भर रुग्णालयांच्या आणि तपासणी प्रयोगशाळांच्या दप्तरांवर असे. पण बार्शी, परांडा, भूमच्या खेड्यांतल्या बाईला कर्करोग झाला तर ती दप्तरापर्यंत पोचणार कधी? बरेचदा निदानाआधीच सगळं संपायचं. म्हणून इथले कार्यकर्ते गावोगाव गेले. लोकांना भेटले, कोणती लक्षणं दिसली तर तपासून घ्यायचं हे समजावलं, संशयित रुग्णांना तपासणीसाठी पुढे पाठवलं आणि मृत्यूंचीही माहिती घेतली. बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत पुढे असल्याचं त्यातून दिसलं. काही वर्षांत या आजाराच्या बायका आधीच्या टप्प्यावरच उपचाराला येऊ लागल्या. नोंद करायला गेलेल्या माणसांनी लोकांशी बोलायला सुरुवात केली, एवढ्यानेही फरक पडला.

पुढे बार्शीच्याच नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ५२ गावसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा मोठा अभ्यास झाला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: आयुष्यात एकदा एचपीव्ही (या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) तपासणी मिळालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न मिळालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. केंद्राची ओपीडी बघून कोणी ठरवलं असतं, तर या भागात अशा तपासणीची गरज आहे हे कधीच सुचलं नसतं. कारण त्रास नसलेली बाई ओपीडीत येतच नाही, आणि तपासणी हवी असते ती नेमकी तिलाच.

इथे एक शंका रास्त आहे. मग लोकांनाच विचारावं ना, काय हवंय? विचारलंच पाहिजे, पण तेवढ्याने भागत नाही. ब्रिटिश अभ्यासक जोनाथन ब्रॅडशॉ यांनी १९७२ मध्ये गरजेचे चार प्रकार सांगितले: तज्ज्ञांना दिसणारी, माणसाला स्वतःला जाणवणारी, प्रत्यक्ष मागितली गेलेली आणि शेजारच्या तशाच वस्तीशी तुलना केल्यावर लक्षात येणारी. ओपीडी यातली फक्त तिसरी दाखवते. आशाताईने विचारलं, 'मावशी, बीपी कधी तपासलंत?' की उत्तर येतं, 'मला काय धाड भरलीय?' मावशीला गरज जाणवत नाही, पण रक्तदाब वाढलेला असू शकतो. सोलापूरच्या पूर्व भागात घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांची गोष्ट निराळी. तंबाखूची धूळ, पाठ, मान, डोळे, सगळं जाणवत असतं. पण रोजच्या विड्यांचा आकडा पुरा करायचा असल्यामुळे ते दवाखान्यात बोलून दाखवलं जात नाही. त्यातल्या कित्येक घरांत तेलुगू बोलतात, हेही विचारणाऱ्याने ध्यानात ठेवायला हवं.

गरजेची बाजू पकडणारं एक साधन गावात आधीपासून आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजाराचा धोका आधीच ओळखण्याची प्रश्नावली, आशाताईने घरी जाऊन भरायचा असतो: वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल, घरात कोणाला बीपी-शुगर. चारच्या वर गुण गेले की त्या माणसाला तपासणीसाठी आधी पाठवायचं. अडचण अशी की बैठकीत 'फॉर्म किती भरले' एवढंच विचारलं जातं, आणि मग हाही ओपीडीसारखाच कामाचा आकडा होऊन बसतो.

म्हणून आरोग्याचा विषय निघेल त्या ग्रामसभेत सलग चार आकडे मागावेत. गावात तिशीवरची माणसं किती. त्यातल्या किती जणांचे फॉर्म भरले. त्यांच्यापैकी किती जणांचं बीपी आणि शुगर प्रत्यक्ष मोजलं. आणि जास्त निघालेल्यांपैकी किती जण आज गोळ्या घेतात. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत माणसं कुठे गळतात ते दिसलं की पैसा कशावर खर्चायचा हे ठरवता येतं: मोजायचं यंत्र, संध्याकाळची तपासणी, की गोळ्या उपकेंद्रातच मिळण्याची सोय. आणि ही मोजणी कारखाना सुरू असतानाही एकदा करावी, शिवारातल्या कोप्या धरून.