साठ पिनांची कॅसेट

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात लहानाच्या मोठ्या झालेल्या कुणालाही विचारा, 'तुमच्याकडे कुठला कन्सोल होता?' बहुतेकदा उत्तर येतं, 'आमच्याकडे व्हिडिओ गेम होता.' कंपनी नाही, मॉडेल नाही. ते यंत्र म्हणजेच व्हिडिओ गेम. त्यात खोचायची ती कॅसेट, हातात धरायचा तो रिमोट. गेली बारा वर्षं मी ही जुनी यंत्रं जमवतोय आणि या उत्तराचं मला आता नवल वाटत नाही. त्या डब्यावर बनवणाऱ्याचं नाव सापडेल अशी जागाच नव्हती. तो डबा कुठून आला, इतका स्वस्त कसा झाला आणि बिननावाचा का राहिला, याचा धागा थेट जपानपर्यंत जातो.

१५ जुलै १९८३ रोजी निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीने जपानात 'फॅमिली कॉम्प्युटर' बाजारात आणला. लोक त्याला फॅमिकॉम म्हणू लागले. मासायुकी उएमुरा या अभियंत्याने त्याची रचना केली होती आणि किंमत होती १४,८०० येन. आत रिकोह कंपनीच्या दोन मुख्य चिपा होत्या, एक गणित करणारी आणि दुसरी चित्र काढणारी. कामाची मेमरी जेमतेम २ किलोबाइट. आज फोनवर आलेला 'गुड मॉर्निंग'चा फोटो याच्या कित्येक पट मोठा असतो. निन्टेन्डोच्या गाजलेल्या गेममधल्या मारिओची अख्खी धावपळ एवढ्याशा जागेत बसवली होती, आणि माझ्या मनातला त्या लोकांविषयीचा आदर अजून कमी झालेला नाही.

त्याच वर्षी अमेरिकेत मात्र व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला होता. कुणीही उठून कसाही गेम काढत होता, दुकानं न खपलेल्या मालाने भरली होती. अटारी या अमेरिकन गेम कंपनीने आपल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाबाहेर कचऱ्याच्या खड्ड्यात पुरल्या. २०१४ साली त्यातल्या काही खणून बाहेर काढल्या गेल्या. निन्टेन्डोने हे सगळं पाहिलं आणि १९८५ मध्ये अमेरिकेत आपलं यंत्र नेताना त्यात एक कुलूप बसवलं. यंत्रात एक छोटी चिप, प्रत्येक कॅसेटमध्ये तिची जोडीदार. दोघींचं जुळलं नाही तर यंत्र दर सेकंदाला स्वतःला पुन्हा सुरू करत राहतं आणि पडदा नुसता लुकलुकतो. कॅसेटचा सॉकेटही बदलला. अमेरिकन कॅसेटला ७२ पिना, जपानीला ६०.

आपल्या गोष्टीची मेख इथेच आहे. कुलूप आलं ते १९८५ मध्ये आणि परदेशी मालावर. जपानातला फॅमिकॉम त्याआधीच दोन वर्षं बिनकुलपाचा विकला जात होता. ज्याला नक्कल करायची होती त्याने साहजिकच तोच उचलला. तैवानमध्ये यूएमसी या कंपनीने रिकोहच्या दोन्ही चिपांना पर्याय ठरतील अशा चिपा काढल्या आणि मग तैवान, हाँगकाँग, पुढे चीनमधून नकली फॅमिकॉमचा पूर सुरू झाला. रशियात तो 'डेंडी' या नावाने घरोघरी पोचला. भारतात त्याला एक नाव कधी मिळालंच नाही. काही डबे 'लिटिल मास्टर' म्हणून यायचे (मुंबईत क्रिकेट खेळणाऱ्या पोराला हे शब्द वाचून दुसराच कुणी आठवायचा), काही 'टर्मिनेटर' म्हणून, काहींवर नुसतंच 'टीव्ही गेम'. माझ्याकडे आज अकरा डबे आहेत, अकरांवर अकरा नावं आहेत आणि सगळ्यांची कॅसेट ६० पिनांची आहे. कुठलीही कुठल्याही डब्यात चालते. अमेरिकेतून कुणाच्या काकांनी आणलेली करडी, लांबट कॅसेट मात्र कुणाच्याच डब्यात शिरायची नाही. ते का, हे आम्हाला तेव्हा कळत नसे.

भारतात अधिकृत मार्गाने गेम आलेच नाहीत असं नाही. निन्टेन्डोचं यंत्र इथे 'समुराई' नावाने विकलं गेलं. निन्टेन्डोची प्रतिस्पर्धी कंपनी सेगा हिने १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीशी करार करून मेगा ड्राइव्ह हे आपलं यंत्र आणलं. आयात कर ८० टक्के होता, त्यातून वाट काढायचा तो प्रयत्न होता. तरीही त्याची किंमत पडत होती १८,००० रुपये. त्या साली आमच्या आळीत पाच आकडी पगार घेणारं कुणी नव्हतं. आमचा डबा मामाने मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून, साडेबाराशे रुपयांना आणला होता. सोबत दोन रिमोट, एक बंदूक आणि '९९९९ इन १' लिहिलेली पिवळी कॅसेट. मामा एसटीने रात्रभर तो डबा मांडीवर घेऊन बसला होता, असं आई अजून सांगते.

त्या ९९९९ चा हिशोब आम्ही सुट्टीत वहीत मांडला होता. खरे गेम चाळीसच्या आसपास निघाले. बाकी सगळी त्यांचीच रूपं, एखादा तिसऱ्या लेव्हलपासून सुरू होणारा, एखाद्यात जास्त जीव मिळणारे. पण ते चाळीस काय होते! कोनामीचा 'कॉन्ट्रा', 'सर्कस चार्ली' आणि 'रोड फायटर', हडसनचा कुऱ्हाड फेकणारा 'अॅडव्हेंचर आयलंड', निन्टेन्डोचा बदकं मारायचा 'डक हंट'. आणि माझ्या मते सगळ्यांत थोर, नामकोचा १९८५ चा 'बॅटल सिटी', ज्याला सगळा महाराष्ट्र 'टँक' म्हणायचा. दोघांनी मिळून खेळायचा, खालच्या गरुडाला जपायचा गेम. त्यात आपला नकाशा आपण बांधायची सोय होती. भाऊ आणि मी गरुडाभोवती लोखंडी भिंती रचून तासन्‌तास बसायचो. यंत्र बंद केलं की नकाशा पुसला जायचा, म्हणून मी तो चौकटीच्या वहीत उतरवून ठेवायचो. ती गणिताची वही माझ्याकडे अजून आहे.

'कॉन्ट्रा'त तीस जीव मिळवायचा मंत्र वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए असा आमच्यापर्यंत तोंडी आला. तो मूळचा 'कॉन्ट्रा'चा नव्हेच. काझुहिसा हाशिमोतो हे कोनामीचे प्रोग्रॅमर १९८६ मध्ये 'ग्रॅडियस' फॅमिकॉमवर आणत होते. चाचणीसाठी पुन्हा पुन्हा खेळताना गेम त्यांना स्वतःलाच जड जाऊ लागला, म्हणून त्यांनी ही चावी घातली आणि ती आत तशीच राहिली. २०२० मध्ये ते वारले. ती बातमी वाचताना माझा अंगठा आपोआप हलला होता.

डब्याबाहेरचंही एक जग होतं, पार्लरचं. रुपयाचं नाणं किंवा टोकन टाकून उभ्यानं खेळायचं. कॅपकॉमच्या १९९३ सालच्या 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'ला तिथे कुणी त्या नावाने ओळखत नव्हतं. पिवळी टोपी घातलेल्या मुस्तफा नावाच्या पात्रावरून तो गेमच 'मुस्तफा' झाला. पण पार्लरमध्ये जायला घरून परवानगी नसे, म्हणून माझी त्याच्याशी ओळख चोरटी आणि थोडीच राहिली.

घरी अडसर होता तो पिक्चर ट्यूबचा. 'गेमने ट्यूब जाते' हे वाक्य ऐकलं नाही असं घर विरळाच. बाबा दर अर्ध्या तासाने टीव्हीच्या मागे हात लावून किती तापलाय ते बघायचे. या भीतीत तथ्य अगदीच नव्हतं असं नाही. एकच चित्र एकाच जागी फार काळ राहिलं तर काचेमागच्या फॉस्फरवर त्याचा कायमचा ठसा उमटतो. पार्लरच्या जुन्या मॉनिटरवर यंत्र बंद असतानाही स्कोअरचे आकडे पुसट दिसतात, ते यामुळेच. पण त्यासाठी रोज दिवसभर, महिनोन्‌महिने खेळावं लागतं. रविवारच्या दोन तासांनी ट्यूब जात नाही.

आता ज्या गोष्टीमुळे माझं जमवणंच बदललं ती सांगतो. सुरुवातीला मी या नकली डब्यांकडे लक्षच देत नव्हतो. मला 'खरा' फॅमिकॉम हवा होता. तो तांबडा-पांढरा डबा शेवटी मिळाला. जपानात वीज १०० व्होल्टची, म्हणून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेतला. चित्राची पद्धतही वेगळी, म्हणून ती चालवणारा टीव्ही शोधला. मारिओ लावला आणि तो धावत सुटला. गाणं घाईत वाजत होतं. पहिल्याच खड्ड्यावर उडी चुकली, कारण बोटांना दुसरीच लय पाठ होती.

कारण साधं आहे. जपानी टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र काढतो, आपला पाल पद्धतीचा टीव्ही ५० वेळा. हे गेम चित्राच्या ठेक्यावर चालतात. पाल देशांसाठी यूएमसीने ज्या चिपा काढल्या त्यात जपानी गेम न बदलता चालावेत म्हणून आतलं वेळेचं प्रमाण तेच ठेवलं होतं, पण ठेका टीव्हीचाच. म्हणजे आपला मारिओ मूळ मारिओपेक्षा सहाव्या हिश्शाने हळू होता. सूर जवळपास तोच, ताल संथ. माझ्या पिढीने जे ऐकलं ते मूळ गाणं नव्हतंच, आणि ते संथ गाणं जपानी यंत्रात सापडणार नाही. ते फक्त या बिननावाच्या डब्यांत आहे. त्या दिवसापासून मी 'खऱ्या' यंत्रांमागे धावणं सोडलं. निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपायला जगात संग्रहालयं आहेत. लॅमिंग्टन रोडवरचा साडेबाराशेचा डबा जपायला कोण आहे?

तो जपायचा तर आधी त्याचं वय कळायला हवं. खोक्यावर तारीख नाही, पत्ता नाही. मी खालचे स्क्रू काढतो. आत डबा बराचसा रिकामाच असतो. एका कोपऱ्यात टीव्हीला सिग्नल देणारी पत्र्याची डबी, ७८०५ हा व्होल्टेज रेग्युलेटर, आणि मधल्या सर्किटच्या पट्टीवर दोन लांब काळ्या चिपा, चाळीस-चाळीस पायांच्या. चिपेवर अक्षरं पुसट असतात. टॉर्च तिरका धरून, भिंगातून बघायचं. नशीब चांगलं असेल तर खाली चार आकडे दिसतात, ९३१२. म्हणजे १९९३ सालचा बारावा आठवडा. मार्च महिना. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेल्या एका डब्यात मला हा आकडा दिसला. मोडक्या मिक्सरांच्या ढिगात तो पडला होता, आणि तीस वर्षांत त्याला कुणी पहिल्यांदाच त्याचा जन्म विचारला होता.

पुढच्या काळातले डबे तेवढंही बोलत नाहीत. नव्वदच्या दशकातच सगळा फॅमिकॉम एका चिपेत मावू लागला आणि ती चिप थेट पट्टीवर चिकटवून वर काळ्या राळेचा गोळा टाकला जाऊ लागला. त्यावर ना अक्षर ना आकडा. डबे आणखी स्वस्त झाले, जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानात दिसू लागले. तोवर सायबर कॅफे आले, घरात कॉम्प्युटर आला, मग प्लेस्टेशन. डबे माळ्यावर गेले आणि दिवाळीच्या साफसफाईत भंगारात. आज हातात मावणाऱ्या ज्या '४०० इन १' खेळण्या मिळतात, त्यांतही तोच १९८३ चा फॅमिकॉम आहे.

माझ्याकडच्या सगळ्यांत नाजूक वस्तू मात्र हे डबे नाहीत, त्यांना लागणारा जुना टीव्ही आहे. 'डक हंट'ची बंदूक एलईडी टीव्हीवर चालत नाही. बंदूक गोळी सोडत नाही, प्रकाश बघते. घोडा दाबला की क्षणभर पडदा काळा होतो आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला त्या नेमक्या क्षणी उजेड दिसला तर बदक पडतं. ट्यूबच्या टीव्हीवर चित्र आलेल्या क्षणीच उमटतं. नवा टीव्ही चित्र उमटवण्याआधी थोडा थांबतो, आणि तोवर बंदुकीचं बघून झालेलं असतं. म्हणून एकवीस इंची टीव्ही मी सांभाळून ठेवलाय. आमच्या गावात तो उघडणारे एकच मेकॅनिक उरलेत, सत्तरीचे. मी त्यांना काका म्हणतो. गेल्या वेळी त्यांनी मला बाजूला बसवून, कॅपॅसिटरमधला चार्ज आधी कसा उतरवायचा ते हात धरून शिकवलं. 'माझ्यानंतर तुलाच करायचंय,' म्हणाले.

कॅसेटी साफ करणं त्या मानाने सोपं. आम्ही फुंकर मारायचो, सगळेच मारायचे. फुंकरीतल्या ओलीने पिना गंजतात, फरक पडायचा तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने. आता मी कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून साठही पिना पुसतो. लेबलाला मात्र हात लावत नाही. मागच्या पावसाळ्यात एक 'कॉन्ट्रा' मिळाली, तिच्या पाठीवर व्हिडिओ लायब्ररीचं पांढरं स्टिकर आहे. निळ्या बॉलपेनाने लिहिलंय: नं. १७, एक दिवस १० रु., डिपॉझिट १००, खाली पाडू नये.